पटावरच्या पहिल्या दहा चाली

बुद्धिबळाच्या डावाचे प्रारंभ, मध्य आणि अंत असे तीन भाग मानले जातात. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथकारांचे मन रमले ते मुख्यत्वे कूट स्थितींत. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अवतार १८१४ साली, पेशवाई अद्याप उभी असताना, मुंबईत छापला गेला. त्याच्या लांबलचक इंग्रजी शीर्षकातच सांगून टाकले आहे की, आत प्रामुख्याने पटावरच्या अवघड स्थिती आहेत. प्रारंभाच्या चालींचे शास्त्र असू शकते, ही कल्पना आपल्या परंपरेत फारशी रुजली नव्हती.

याचे कारण बुद्धीच्या उणिवेत नव्हे, तर नियमांत शोधावे लागते. हिंदुस्थानी पद्धतीत प्यादे बहुतेक ठिकाणी एकाच घराने पुढे सरके. आजचा किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. दोन्ही सैन्ये समोरासमोर येईपर्यंत बराच वेळ जाई, म्हणून पहिल्या चाली तोंडपाठ करण्याची गरजच भासत नसे. शिवाय नियम गावोगाव बदलत, मग ग्रंथ लिहावा तरी कोणत्या नियमांना धरून? विनायक राजाराम टोपे यांचे ‘बुद्धिबळक्रीडा’ हे मराठी पुस्तक १८९३ साली पुण्यात निघाले, तेव्हाही देशी आणि विलायती या दोन्ही पद्धती नांदत होत्या.

मौज अशी की, याच संथ देशी खेळाने पुढे युरोपला धडा दिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या बॅरिस्टराशी महेशचंद्र बंदोपाध्याय यांनी शेकडो डाव मांडले. प्यादे एक घर सरकवून उंट बाजूने बाहेर काढण्याची त्यांची सवय कॉक्रेनने नोंदवून ठेवलेल्या डावांत दिसते. विसाव्या शतकात असल्या बचावांना ‘इंडियन’ हे नाव पडले. नाव आपले, पण त्यांचे शास्त्र मात्र इतरांनी रचले.

पुढे हे शास्त्र ज्याच्या हाती, त्याचा डाव, अशी अवस्था आली. १९५५ साली एलुरूच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांचे नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ पासून खेळाडू घडवीत होते, आणि मुंबईच्या वासंती खाडिलकर १९७४ साली पहिल्या राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या. पण प्रारंभाच्या विद्येचा उगम दूर बेलग्रेडला होता. तेथून १९६६ पासून ‘इन्फॉर्मेटर’ निघू लागला. त्याच्या पाठोपाठ १९७४ पासून प्रारंभांचा पंचखंडी कोश येऊ लागला. त्यात साऱ्या प्रारंभांची पाचशे सांकेतिक क्रमांकांत विभागणी होती. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात असा खंड ज्या गावी पोहोचे, तेथला खेळाडू शेजारच्या गावाला दहा चालींत मागे टाकी. हे पांडित्य नव्हते, निव्वळ पुस्तकाची मिळकत होती.

आता कटंगीकडे वळू. बालाघाट जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. हा मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. जिल्हा १८६७ साली झाला, आणि १९५६ च्या पुनर्रचनेपर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती. त्यानंतर नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून कटंगीच्या मुलाला निवड स्पर्धा खेळायची ती मध्य प्रदेशाच्या संघातून, मग घरात मराठी असो वा पोवारी. ज्या नागपूरने रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता यांच्यासारखे ग्रँडमास्टर दिले आणि जिथल्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, ते नागपूर जवळ असूनही खेळाच्या कागदोपत्री परके.

ही भिंत संगणकाने बरीचशी खाली आणली, असे आम्हांस वाटते. १९८० च्या दशकात हॅम्बुर्गच्या ‘चेसबेस’ने डावांचा साठा यंत्रात भरला. १९९४ पासून मार्क क्राउदर आठवड्याचे डाव जगाला विनामूल्य देऊ लागले. ‘चेस डॉट कॉम’ २००७ साली आले, ‘लीचेस’ २०१० साली आणि ‘चेसेबल’ २०१६ साली. यांतील काहींना मासिक वा वार्षिक वर्गणी भरावी लागते. ‘लीचेस’ मात्र देणग्यांवर चालते आणि त्याचा प्रारंभांचा साठा सर्वांना खुला आहे. एखादी चाल आजवर किती डावांत खेळली गेली आणि त्यांतील किती जिंकले, हे कटंगीतही त्याच क्षणी दिसते. बेलग्रेडच्या खंडाची वाट पाहणे संपले.

परंतु वर्गणीने विकत मिळते ते नेमके काय? ‘चेसेबल’ची पद्धत अशी की, चुकलेली चाल लवकर पुन्हा विचारायची आणि बरोबर आलेली उशिराने. संथा देणाऱ्या गुरुजींना ही युक्ती नवी वाटली नसती. पंधरा चाली पाठ केलेला मुलगा सोळाव्या चालीला अडखळतो, कारण प्यादे तेथे का ढकलले हे त्याने कधी विचारलेले नसते. हे ‘का’ सांगणारे धडे आहेत, पण त्यांपैकी बहुतेक इंग्रजीत. मराठीत त्यांची मोठी वाण आहे, आणि आमची खरी खंत ही आहे. शह, मात, प्यादे, उंट, वजीर, किल्लेकोट हे शब्द आपल्या मुखी आहेत. मात्र ‘घोडा बांधून ठेवणे’, ‘मधली घरे धरणे’, ‘चाल वाया घालवणे’ अशा बोलण्यातून प्रारंभाचा विचार मांडणारे मराठी पुस्तक मुलाच्या हाती देऊ म्हटले, तर शोधावे लागते. ‘किंग्ज इंडियन’मधील ‘इंडियन’ म्हणजे काय, हे कटंगीच्या मुलाला त्याच्या घरच्या बोलीत समजावून सांगणारा धडा अजून कोणी तरी लिहावयाचा आहे.