शत्रूची बंदूक : फिनलंड ते कुंडल

पबजी खेळलेल्या कुणालाही मोसिन नगांत हे नाव नवीन नाही. लांब नळीची, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागणारी रशियन रायफल. यूट्यूबवर तिच्यामागोमाग सिमो हायहा हे नाव येतंच. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात या फिनिश शेतकऱ्याने पाचशेच्या वर सोव्हिएत सैनिक टिपले असं मानलं जातं. गंमत अशी, की त्याच्या हातातली रायफल मुळात शत्रूच्याच घरची होती.

फिनलंड १९१७ पर्यंत रशियन झारच्या ताब्यात होता. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा झारच्या फौजेच्या हजारो रायफली तिथे राहून गेल्या होत्या. नव्या, गरीब देशाने त्या फेकल्या नाहीत. बोल्ट आणि गोळी जिथे बसते तो पोलादी सांगाडा रशियन ठेवला, आणि नळ्या, दस्ते, नेम धरायच्या पट्ट्या नव्याने बसवल्या. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच्या कोडचा फोर्क काढून तो मूळ कोडपेक्षा चांगला चालवला. हायहाची एम २८-३० ही अशीच एक रायफल. ती सुधारणारी साको कंपनी नागरी रक्षकदलाच्या दुरुस्ती कार्यशाळेतून उभी राहिली. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा आत घुसल्या तेव्हा त्यांच्यासमोर त्यांच्याच जातीच्या बंदुका होत्या. युद्ध १०५ दिवस चाललं. फिनलंडला मुलूख गमवावा लागला, पण देश राहिला.

ही गोष्ट आपण सगळे ऐकतो, शेअर करतो. पण त्याच सुमारास कृष्णाकाठी, आजच्या पलूस तालुक्यात, शत्रूच्या बंदुकीचाच प्रश्न सोडवायला काही पोरं बसली होती. त्यांची गोष्ट आपल्या फीडमध्ये फारशी येत नाही.

दोन्हीकडचा पहिला फरक कायद्याचा होता. फिनलंडमध्ये शेतकऱ्याला रक्षकदलात भरती होऊन रायफल चालवायला शिकता येत होतं. आपल्याकडे १८७८ चा शस्त्र कायदा होता. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा, आणि परवाना देणार सरकार. १८५७ चा धसका इंग्रजांनी कधीच सोडला नाही. तोफा गोऱ्या पलटणींकडे ठेवल्या. देशी शिपायांना बराच काळ गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनी बंदूक दिली. पोलिसांसाठी तर .३०३ रायफलीची नळी बदलून .४१० बोअरची गुळगुळीत नळीची मस्केट बनवली. तिच्यात एका वेळी एकच गोळी बसायची आणि लष्कराचं काडतूस चालायचं नाही. म्हणजे शिपाई उलटला किंवा बंदूक कुणी पळवली, तरी तिचा उपयोग मर्यादित राहावा. हे डिझाइन नेम चांगला लागावा म्हणून केलेलं नव्हतं. त्यामागे अविश्वास होता.

आता सप्टेंबर १९४२ कडे या. ३ तारखेला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, तिरंगा लागला, गोळी चालली नाही. ९ तारखेला वडूजला मात्र पोलिसांनी गोळीबार केला. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला पुन्हा गोळीबार झाला. त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर उमाशंकर पंड्या मारले गेले. मोर्चेकऱ्यांच्या हातात झेंडे होते.

या दोन दिवसांनी जिल्ह्यातल्या पोरांचा हिशोब बदलला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं, त्याचं सैन्य म्हणजे तुफान सेना. तिचे फिल्ड मार्शल कुंडलचे जी. डी. बापू लाड. १९४३ साली त्यांचं वय होतं वीस. गावातलेच रामचंद्र लाड, ज्यांना पुढे सगळे कॅप्टन भाऊ म्हणायचे, तेही त्याच वयाचे. कुंडल आणि शेजारची किर्लोस्करवाडी तेव्हा औंध संस्थानात होती. भोवती इंग्रजांचा सातारा जिल्हा, मध्ये संस्थानाची बेटं. हद्द ओलांडली की अंमल बदलायचा, आणि भूमिगतांना त्याचा फायदा व्हायचा.

७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून पुणे-मिरज गाडी अडवली गेली. गाडीत सरकारी पगाराचा पैसा होता. कॅप्टन भाऊंनी म्हातारपणी सांगितलं आहे, की त्या दिवशी त्यांच्यापैकी कुणाकडेही बंदूक नव्हती. होते ते कोयते, काठ्या आणि दोन-तीन गावठी बॉम्ब. बंदूक होती ती गाडीवरच्या पहारेकऱ्याकडे, त्याला आवरलं आणि काम फत्ते केलं. पुढे १४ एप्रिल १९४४ ला धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला, तो साडेपाच लाखांच्या घरात होता.

पैशाने हत्यारं मिळतात, पण दुकान कुठे? उत्तर होतं पोर्तुगीजांचा गोवा. तिथून शस्त्रं आणताना बाळ जोशी हे कार्यकर्ते पकडले गेले. त्यांना सोडवायच्या मोहिमेत नाना पाटलांच्या कन्या हौसाताई होत्या. जोशींची बहीण म्हणून त्या पणजीच्या तुरुंगात भेटायला गेल्या, आणि सुटकेचा बेत लिहिलेला कागद अंबाड्यात लपवून आत नेला. परतताना मांडवी नदी रात्री एका लाकडी पेटीवर तरंगत ओलांडली. बंदुकांच्या इतिहासात नळीची लांबी आणि गोळीचा वेग लिहिलेला असतो. अंबाड्यातला कागद कुठल्या तक्त्यात लिहायचा?

हत्यार आलं तरी ते चालवायला शिकवणारा लागतो. नागनाथअण्णा नायकवडींच्या गटात तो आला आझाद हिंद सेनेतून. नानकसिंग हा पंजाबी सैनिक. आझाद हिंद सेनेची शस्त्रंही मोठ्या प्रमाणात इंग्रजांकडून हस्तगत केलेलीच होती, म्हणजे इथेही फिनलंडचीच गोष्ट. २५ फेब्रुवारी १९४६ ला शिराळ्याच्या डोंगरात मणदूरजवळ पोलिसांशी चकमक झाली. त्यात नानकसिंग आणि वाळव्याचे किसन अहिर मारले गेले. स्वातंत्र्य दीड वर्षावर आलं होतं.

याच वर्षांत इंग्रजांची चांगली बंदूक आपल्याच माणसांच्या हातात होती, हेही विसरता येत नाही. १० जुलै १९४४ ला इटलीत मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे एकटेच जर्मन मशीनगनवर चालून गेले. टॉमीगनच्या गोळ्या संपल्यावर दस्त्याने लढले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सरकारला मराठा शिपायाच्या हातात टॉमीगन चालत होती, पण मराठा शेतकऱ्याच्या हातात ठासणीची बंदूकही परवान्याशिवाय चालत नव्हती. एकाच भाषेच्या दोन सैनिकांपैकी एकाला पदक आणि दुसऱ्याला वॉरंट. दोघांपैकी एकाला खरा आणि दुसऱ्याला खोटा ठरवणं मला जमत नाही.

फिनलंडशी तुलना एका जागी येऊन थांबते. फिनलंडकडे राज्य होतं आणि ते टिकवायला बंदूक हवी होती. कुंडलच्या पोरांकडे राज्यच नव्हतं, आधी ते उभं करायचं होतं. म्हणून तुफान सेना जितकी चकमकींची, तितकीच न्यायनिवाड्याची. दीडशेच्या वर गावांत प्रतिसरकारने तंटे सोडवले, दारू बंद केली, सावकारांना चाप लावला, कमी खर्चात लग्नं लावली. गुन्हेगारांच्या तळपायांवर फटके बसायचे, त्यावरून लोकांनी पत्री सरकार हे नाव पाडलं. शिक्षा कठोर होत्या आणि तो न्याय झटपट होता. आज वाचताना त्यातलं काही खटकतंही. पण चार वर्षं ही माणसं पकडली गेली नाहीत ती बंदुकांच्या जोरावर नाही. त्यांना भाकरी देणाऱ्या घरांनी तोंड उघडलं नाही म्हणून.

फिनलंडच्या सैन्याने पुढे टीकिव ८५ नावाची स्नायपर रायफल वापरली. तिचाही सांगाडा जुन्या मोसिन नगांतचाच. आपल्याकडे वाळव्याच्या साखर कारखान्याला किसन अहिरांचं नाव आहे, कुंडलच्या कारखान्याला जी. डी. बापूंचं. हंगामात ऊस घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली, की समोरच्या पावतीवर, पाटीवर ती नावं दिसतात. पुढच्या वेळी पाटी दिसली की ती नावं एकदा नीट वाचा, आणि घरात कुणी नव्वदीच्या पुढचं असेल तर त्या काळाबद्दल विचारा. कॅप्टन भाऊ २०२२ च्या फेब्रुवारीत गेले, हौसाताई त्याच्या आदल्या वर्षी. सांगणारे आता फार उरलेले नाहीत.