खेकड्याची साक्ष

मागं एका अभ्यासवर्गात मी तिवरे धरणावर बोलत होतो. मधेच एक पोरगा उठला नि म्हणाला, "सर, धरणफुटीत आपला काय संबंध? आपली वाडी वाहून गेली काय त्यात?" मला राग आला आणि त्या रागात नीट उत्तर देता आलं नाही. ते इथं देतो.

तिवरे हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, चिपळूण तालुक्यातलं गाव. २ जुलै २०१९ ला रात्री साडेनऊच्या सुमारास तिथलं मातीचं धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी पाण्यानं उचलून नेली. वीसहून जास्त माणसं गेली. धरण बांधून वीस वर्षंसुद्धा झाली नव्हती. गळतीच्या तक्रारी गावानं आधीच केल्या होत्या, थोडी डागडुजीही झाली होती. मेलेल्यांची जात मी विचारली नाही आणि विचारणारही नाही. पाण्याच्या वाटेत घर कुणाचं असतं, एवढाच माझा सवाल आहे.

मग राज्याचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी सांगितलं, की खेकड्यांनी धरण पोखरलं. सगळा महाराष्ट्र हसला. खेकडे घेऊन माणसं पोलीस ठाण्यात गेली, यांना अटक करा म्हणाली.

मला हसू आलं नाही, कारण मी कुर्ल्या धरत वाढलेला माणूस आहे. मिरगाचा पाऊस पडला की आम्ही पोरं रात्री बत्ती घेऊन वहाळात उतरायचो. पावसात आये चूल पेटवायची ती कुर्ल्यांच्या कालवणासाठी. कुर्ली बांधाला भोक पाडते हे शेतात राबणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. भाताच्या खाचराचा बांध तिनं पोखरला की बापूस चिखलाचा गोळा घेऊन धावायचा. म्हणजे मंत्री अगदीच खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. जनावरांची बिळं, झाडांची मुळं ही मातीच्या धरणाची जुनी दुखणी आहेत, इंजिनिअरच्या पुस्तकात ती लिहिलेली असतात. पण खाचराला बापूस होता. धरणाला कोण होता?

मातीचं धरण कसं उभं राहतं हे कार्यकर्त्यानं समजून घ्यावं, त्याला डिग्री लागत नाही. पोटात चिकण मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचं जाड आवरण, पाण्याकडच्या बाजूला दगडी पिचिंग, आणि एका कडेला जादा पाणी जायला सांडवा. धरण झिरपतंच. पायथ्याशी स्वच्छ पाणी थेंबथेंब येत असेल तर लगेच बोंब मारायचं कारण नाही. तेच पाणी गढूळ झालं, किंवा एकाएकी वाढलं, की समजावं, आतली माती कण कण करून बाहेर चालली आहे. आत नळीसारखी पोकळी पडत जाते आणि एका रात्रीत भिंत बसते. दुसरं मरण वरून येतं. सांडवा अपुरा पडला आणि पाणी माथ्यावरून गेलं, की माती तासा-दोन तासांत धुऊन जाते. दगडी भिंत कधी कधी असा मार सोसते, मातीला तो सोसत नाही.

याचा इतिहास आपल्या राज्यात ताजा आहे. १९६१ साली पानशेतचं मातीचं धरण पुरं झालेलं नव्हतं, तरी पावसाचं पाणी त्यात साठलं. विमोचकाच्या जागी भराव खचू लागला. लष्कराचे जवान रात्रभर वाळूच्या गोण्या टाकत होते. १२ जुलैला सकाळी धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खालचं जुनं खडकवासलाही फोडलं, आणि पुणं बुडालं. पुण्याच्या पुराच्या आठवणी पुष्कळांनी लिहिल्या, पण नदीकाठच्या झोपड्यांतल्या माणसांनी लिहिलेल्या माझ्या वाचनात फार थोड्या आल्या.

सौराष्ट्राचा मुलूख तर कोरडा. तिथं मोरबीच्या वर मच्छू-२ हे धरण. मध्ये दगडी सांडवा, दोन्ही बाजूंना मातीचे भराव. ११ ऑगस्ट १९७९ ला सांडव्याला पेलवेना इतकं पाणी आलं, मातीवरून गेलं आणि मोरबी शहर वाहून गेलं. हजारो माणसं मेली. चौकशी आयोग नेमला, आणि त्याचं काम पुरं व्हायच्या आधीच सरकारनं तो गुंडाळला. कोरड्या मुलखात पूर येत नाही ही समजूत तिथं बुडाली.

आमची रत्नागिरी उलटी. पावसाळ्यात धो धो, आणि एप्रिल-मे मध्ये बाया हंडे घेऊन झऱ्यावर रांगेत. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. म्हणून इथं धरणं हवीतच. धरण नको म्हणणाऱ्यांतला मी नाही, आणि बाबासाहेबही नव्हते. चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना पाठ आहे. पण १९४२ ते ४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सभासद होते आणि पाटबंधारे व वीज त्याच खात्याकडे होतं, हे आपल्या भाषणांत फार कमी येतं. १९४३ च्या दामोदरच्या पुरानंतर त्या खोऱ्याची योजना त्यांच्या खात्यानं पुढं नेली. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कटकला महानदीवर बोलताना त्यांनी मांडलं, की पूर म्हणजे नुसतं संकट समजून बांध घालत बसू नका. माणूस पाण्याच्या सुकाळापेक्षा दुष्काळानं जास्त मरतो, तेव्हा पाणी साठवा आणि त्याचा वापर करा. तळ्यावर ओंजळ भरणारा माणूस पुढं देशाच्या नद्यांचा हिशोब मांडत होता. त्यांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं.

तिवऱ्यानंतर अडीच वर्षांनी, २०२१ च्या डिसेंबरात, धरण सुरक्षा कायदा आला. पंधरा मीटरहून उंच धरणं त्यात येतात, दहा ते पंधरा मीटरमधली काही अटींवर येतात. पावसाळ्याआधी एक आणि नंतर एक तपासणी करायचीच, आणीबाणीचा आराखडा ठेवायचा, असं त्यात आहे. दहा मीटरच्या आतले बंधारे, पाझर तलाव मात्र बाहेर राहिले. वाड्यांच्या उशाशी असतात ते बहुतेक हेच.

आमच्या बौद्धवाडीच्या वर असाच एक बांध आहे. गावातली चांगली उंच जमीन आमच्या वाट्याला कधी आलीच नाही, वाडी वहाळाच्या अंगाला वसली, आणि बांध झाला तोही त्याच वहाळावर. दोन वर्षांमागं पायथ्याला ओल दिसली म्हणून मी अर्ज दिला. ज्या कार्यालयात दिला तिथल्या साहेबानं विचारलं, "तुम्ही इंजिनिअर आहात काय?" मी म्हटलं, "नाही, मी खाली राहतो." मग माहितीच्या अधिकारात शेवटच्या तपासणीचा कागद मागितला. कागद आला. गळती नाही, असं त्यात होतं. तपासणीची तारीख कोरी होती.

आता वाडीतल्या चौघांनी वही घातली आहे. जून ते सप्टेंबर, आठवड्यातून एकदा बांधावर जायचं. ओल कुठं, किती हात लांब, पाणी स्वच्छ की गढूळ, सांडव्यात झाडोरा किती, बिळं किती, हे तारखेसकट लिहायचं आणि सह्या करायच्या. एक प्रत पोहोच घेऊन कार्यालयात. पहिल्या तीन प्रती घ्यायला त्यांनी खळखळ केली, चौथी मुकाट घेतली.

सवाल विचारणारा तो पोरगा परवा आला होता. त्याला बांधावर नेलं. त्यानं पिचिंगच्या दगडांत सात बिळं मोजली आणि एकात हात घातला. कुर्लीनं नांगी मारली तसा ओरडला. वहीत मी सात लिहिलं.