गोळीतलं औषध आणि आकड्यातले दोन टक्के

मंडळी, अंबाजोगाईत औषधाच्या गोळ्यांचा विषय काढला की डिसेंबर २०२४ ची आठवण निघणारच. इथल्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाला पुरवलेल्या ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या बनावट असल्याचा गुन्हा त्या महिन्यात नोंदला गेला. त्याआधी नागपूरकडं सिप्रोफ्लॉक्सासिनचं प्रकरण गाजलं होतं. तिथल्या गोळ्यांत औषधच नव्हतं. अशा गोळीचा निकाल लावायला बारीक गणित लागत नाही. लिहिलंय ५०० मिलिग्रॅम आणि आत काहीच नाही, तर तो सरळ पोलिसांचा विषय झाला.

मला आज बोलायचंय ते दुसऱ्या गोळीबद्दल. परवाना असलेल्या कारखान्यात झालेली, औषध असलेली, पण काठावरची गोळी. समजा, पॅरासिटामॉलच्या एका नमुन्याचा अहवाल आला की लेबलावर लिहिलंय त्याच्या ९४.२ टक्के औषध आहे. आपल्या औषधकोशात, म्हणजे इंडियन फार्माकोपियात, या गोळीची मर्यादा ९५ ते १०५ टक्के आहे. मग गोळी नापास. पण ९४.२ हा आकडा ९५ च्या खालीच आहे, हे प्रयोगशाळेला कितपत खात्रीनं ठाऊक असतं?

आधी ही मर्यादा आली कुठून ते बघू. बाजारातल्या भेसळीच्या तक्रारी वाढल्या म्हणून १९३० मध्ये सरकारनं रामनाथ चोप्रा यांची समिती नेमली. तिचा अहवाल १९३१ चा, आणि औषधांचा कायदा व्हायला १९४० उजाडलं. तेव्हा आपलं हे गाव मोमिनाबाद म्हणून निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातला कायदा इथं नव्हताच. स्वतंत्र भारताचा औषधकोश १९५५ मध्ये निघाला. तो ब्रिटिश वळणाचा. या वळणाच्या औषधकोशांत पुस्तकाच्या सुरुवातीला सर्वसाधारण सूचना असतात. विद्यार्थी त्या वाचत नाहीत आणि वकील मात्र नेमक्या वाचतात! त्यांत म्हटलेलं असतं की दिलेल्या मर्यादांमध्ये तीन गोष्टी आधीच धरल्या आहेत : उत्पादनातला स्वाभाविक फरक, ठेवून ठेवून औषधाची होणारी घट, आणि तपासणीतली नेहमीची चूक. त्यावर आणखी सवलत द्यायची नाही.

म्हणजे मापनातली अनिश्चितता औषधकोशवाल्यांना माहीत होती. त्यांनी ती मर्यादेच्या पोटात घालून टाकली. ब्युरेट हातात धरून अनुमापन करण्याच्या काळात, आणि न्यायाधीशाला 'हो' किंवा 'नाही' एवढंच हवं असताना, हा शहाणपणाचा मार्ग होता असं माझं मत आहे.

पण पोटात घातलेली ही चूक 'नेहमीची' आहे, हे कोण तपासणार? पॅरासिटामॉलचंच उदाहरण घेऊ. परंपरागत पद्धत अशी : २० गोळ्या वजन करून कुटायच्या. साधारण ०.१५ ग्रॅम औषध येईल एवढी पूड घ्यायची, सोडियम हायड्रॉक्साइड आणि पाणी घालून २०० मिलिलिटर करायची, गाळायची. त्यातले १० मिलिलिटर घेऊन १०० करायचे. त्यातले पुन्हा १० घेऊन पुन्हा १००. मग २५७ नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजायचं. सगळं जमलं तर वाचन ०.५४ च्या आसपास येतं.

आता एकेक पायरी बघा. चांगल्या प्रतीच्या १० मिलिलिटरच्या पिपेटला ०.०२ ची सूट असते, म्हणजे ०.२ टक्के. १०० च्या फ्लास्कला ०.१, म्हणजे ०.१ टक्का. फ्लास्कवर २० अंश सेल्सिअस छापलेलं असतं. आपल्याकडं मे महिन्यात ते कुठं भेटतं ते विचारू नका. तराजूचा वाटा याहून कमी. आणि उपकरण? शोषणाच्या वाचनात ०.०१ इकडंतिकडं चालतं, असं औषधकोशाची उपकरण-चाचणीच सांगते. ०.५४ वर ०.०१ म्हणजे जवळजवळ १.९ टक्के! हे सगळे वाटे सरळ बेरजेनं जोडत नाहीत. प्रत्येकाचं प्रमाणित विचलन काढायचं, वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ, आणि ९५ टक्के खात्रीसाठी दुप्पट. उत्तर येतं दोन टक्क्यांच्या थोडं वर, आणि त्यातला बहुतेक वाटा एकट्या उपकरणाचा. माणूस पिपेटची रेघ डोळे बारीक करून बघत बसतो आणि खरी गडबड शेजारच्या डब्यात असते. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय ते दिसत नाही.

हिशेब मांडायची ही रीत जगभर एकसारखी झाली १९९३ मध्ये, आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनं इतर संस्थांबरोबर काढलेल्या मार्गदर्शिकेमुळं. मग १९९९ च्या १७०२५ या मानकानं प्रयोगशाळांवर ते बंधनकारक केलं. २०१७ च्या आवृत्तीत आणखी एक गोष्ट आली : पास-नापास सांगताना अनिश्चितता कशी धरली, तो निर्णयाचा नियम ठरवा आणि लेखी ठेवा.

एक इशारा मात्र या सूत्रांच्या आधीपासून आपल्याच माणसानं दिलेला आहे. पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. पीक कापणी प्रयोग तुम्हा मंडळींना विम्यामुळं चांगलाच माहीत आहे. १९४० च्या दशकात सुखात्म्यांनी दाखवलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न जास्त दिसतं, कारण कडेवरची रोपं आत ओढली जातात. असे हजार तुकडे कापले तरी चूक जात नाही, कारण ती सगळी एकाच बाजूला असते. प्रयोगशाळेतही तेच. पुडीतलं औषध पूर्ण विरघळलंच नाही तर दहा वेळा मोजा, दहाही वेळा कमीच येईल, आणि दहाही आकडे एकमेकांशी छान जुळतील.

आता ९४.२ कडं परत. दोन टक्के धरले तर खरा आकडा साधारण ९२ ते ९६ मध्ये कुठंही असू शकतो. कायद्याप्रमाणं निरीक्षक नमुन्याचे चार भाग करतो : एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक सरकारी विश्लेषकाला, एक न्यायालयाला, एक उत्पादकाला. अहवाल मान्य नसेल तर २८ दिवसांत तसं कळवायचं. मग न्यायालय आपला भाग कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडं पाठवू शकतं, आणि तिचा अहवाल निर्णायक. समजा तिथं आलं ९५.३. उत्पादक सुटला. वर्तमानपत्र म्हणणार, आपल्या प्रयोगशाळेनं चूक केली. चूक कुणाचीच नाही! ९४.२ आणि ९५.३ हे दोन टक्क्यांच्या अनिश्चिततेत एकच उत्तर आहे.

आणि उलटही बघा. ९५.४ आलं, गोळी पास, खरं औषध मात्र ९३.५. ती गोळी वॉर्डात जाते, तिच्यासाठी कुणी २८ दिवसांत अर्ज करत नाही. शंकेचा फायदा उत्पादकाला की रुग्णाला, हा तो निर्णयाचा नियम. १०० टक्क्यांचं लक्ष्य ठेवून गोळी करणाऱ्याला या दोन टक्क्यांची भीती नसते. भीती असते ती जाणूनबुजून ९६ भरणाऱ्याला, आणि त्याला ती असावीच. म्हणून माझ्या मते सवलत वाढवू नये, पण अहवालावर ± चा आकडा छापावा. सरकारी विश्लेषकाच्या नमुना १३ मध्ये शेवटी मत द्यायचं असतं : नमुना प्रमाणित दर्जाचा आहे, किंवा नाही. त्या ओळीच्या वर आणखी एका आकड्याला जागा आहे.