अंगठ्यावरून अडलेली बँक

आज मी तुम्हाला साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला घेऊन जातेय. तिथे रस्त्यावर वेल्डिंग करणाऱ्या एका बाईला पावसाआधी प्लास्टिकच्या कागदासाठी पैसे साठवायचे होते. रक्कम छोटी म्हणून बँकेने खातंच उघडलं नाही. तेव्हा चेतना सिन्हांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला. का? तर सभासद बायका अंगठेबहाद्दर. बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, कॅल्क्युलेटरशिवाय सांगतो! परवाना मिळाला. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. मला वाटतं, हिशेब त्यांना आधीपासूनच येत होता. फक्त तो कुणी विचारला नव्हता.