तळं राखतो कोण आणि पाणी चाखतो कोण?

आपल्याकडे म्हण आहे, तळं राखील तो पाणी चाखील. हल्ली सातारा-सांगलीत गावोगाव तलावातील गाळ काढण्याची, काठ साफ करण्याची कामे लोकसहभागातून होतात. चांगलेच आहे. पण या म्हणीचा हिशेब एकदा इतिहासाच्या वहीत तपासून पाहू.

साल 1901. खटाव तालुक्यात सरकारने दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी तलाव खोदायला घेतला होता. तिथे रोखपाल होते सुभेदार रामजी आंबेडकर. त्यांना भेटायला साताऱ्याहून निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. त्यांत लहानगा भीमराव होता. मुले महार आहेत हे कळताच कुणी गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. सोबत जेवण होते, पण वाटेत कुणी प्यायला पाणी दिले नाही. मुलांनी रात्र उपाशी काढली. बाप तलावाच्या कामावर आणि लेकरे घोटभर पाण्याला महाग! बाबासाहेबांनीच हा प्रसंग आत्मकथनात लिहून ठेवला आहे.

पुढे 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले, पण फक्त कागदावर. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले आणि कागदावरचा हक्क जमिनीवर आणला. त्यानंतर सवर्णांनी काय केले? पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याची 'शुद्धी' केली. तळ्याची अशीही 'काळजी' घेतली जाते, हे विसरू नका! न्यायालयीन लढा 17 मार्च 1937 पर्यंत चालला, तेव्हा उच्च न्यायालयाने आपला हक्क मान्य केला.

पण पिण्याचा हक्क मिळाला म्हणजे पाणी मिळाले का? शेताला जाणारे पाणी जमिनीच्या मागे जाते, आणि जमीन जातीच्या मागे. ज्याला जमीन नाही त्याने तलावाचा गाळ काढायचा आणि ऊस दुसऱ्याचा भिजायचा. मग या लोकसहभागात आणि जुन्या वेठीत फरक काय?

या प्रश्नाला उत्तर मिळाले ते त्याच खटावातून वाहत येणाऱ्या येरळेच्या काठी. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडी ही गावे आहेत. 1982 च्या गिरणी संपानंतर गावी परतलेले कामगार, दुष्काळाने पिचलेले शेतकरी आणि मजूर मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. ठेकेदार नदीची वाळू उपसून नेत होते आणि विहिरी आटत होत्या. लोकांनी वाळू लुटीला विरोध केला. थोडी वाळू स्वतः विकून त्या पैशातून धरण बांधू, असे सरकारला सांगितले. परवानगीसाठी भांडावे लागले. दशक संपता संपता बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. नाव महात्मा फुल्यांच्या बळीराजाचे. फुल्यांचे मूळ गाव कटगुण, तेही खटाव तालुक्यातलेच!

धरण छोटे, पण तत्त्व मोठे: पाणी एकरावर नाही, माणसांवर वाटायचे. भूमिहीन कुटुंबालाही वाटा. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने हेच तत्त्व आधी मांडले होते: माणशी अर्धा एकराचे पाणी, ऊस नाही.

भूमिहीनाने पाणी घेऊन ओतायचे कुठे, असा आक्षेप येईल. खरा आहे. म्हणूनच दादासाहेब गायकवाडांच्या 1959 आणि 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांना पर्याय नाही. पण हातात पाण्याचा हक्क असेल तर भूमिहीन माणूस जमीनवाल्याशी वाट्याने शेती करताना बरोबरीने बोलू शकतो. मागणारा आणि देणारा हे नाते तिथे बदलते.

तेव्हा बांधवांनो, गावात तलाव समिती झाली तर फावडे जरूर उचला. पण आधी विचारा: समितीत आपल्या वस्तीचे कोण आहे? बाया किती आहेत? आणि तलाव भरल्यावर भूमिहीनाचा वाटा कोणत्या ठरावात लिहिला आहे? तो लेखी मिळेपर्यंत श्रमदानाच्या फोटोत उभे राहू नका.

जय भीम!