उजेडाने फुटलेलं केंद्रक

दगडाने कैरी पाडता येते हे आमच्या शेलूबाजारच्या पोरांना शिकवावं लागत नाही. पण उजेडाने अणूचं केंद्रक फोडता येतं, हे मला, मराठीतून बी.ए. केलेल्या मास्तराला, निवृत्तीनंतरच्या वाचनात कळलं.

गोष्ट १९३४ ची, केंब्रिजची. जेम्स चॅडविक यांनी दोनच वर्षांपूर्वी न्यूट्रॉन शोधला होता. हिटलरच्या जर्मनीतून आलेल्या मॉरिस गोल्डहाबर या तेविशीतल्या विद्यार्थ्याने त्यांना सुचवलं: जड हायड्रोजनच्या केंद्रकात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन, एवढेच असतात, त्यावर गॅमा किरण सोडून बघू. गॅमा म्हणजे प्रकाशच, फक्त फार जोरकस. ती जोडी तोडायला सुमारे २२ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. थोरियमच्या कुळातल्या एका पदार्थाच्या किरणांत २६ लाख होते!

पण फुटलं हे कळणार कसं? अंधारात कैरी पाडली तर आपण 'धप्प' ऐकतो. इथे कानाचं काम केलं जड हायड्रोजन भरलेल्या एका बंद पेटीने. प्रोटॉन सुटला की वायूत विद्युतभार तयार व्हायचा आणि यंत्र त्याची नोंद करायचं. त्या नोंदींवरून न्यूट्रॉनचं वजन काढलं, ते हायड्रोजनच्या अख्ख्या अणूपेक्षा जास्त भरलं. म्हणजे न्यूट्रॉन ही प्रोटॉन-इलेक्ट्रॉनची जोडगोळी नव्हे, तो स्वतंत्र कण. निबंधावर नावं दोघांची लागली.

त्या वर्षी होमी भाभाही केंब्रिजलाच होते. पुढे १९५४ मध्ये त्यांनी ट्रॉम्बेला अणुसंशोधनाची संस्था उभी केली. आज तिला त्यांचंच नाव आहे. तिच्या नवी मुंबईतल्या खारघरच्या यंत्रावर आपल्या शास्त्रज्ञांनी खेळ उलटा केला. १ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन धातूच्या पत्र्यावर आदळवायचे, त्यातून निघालेले गॅमा किरण थोरियमवर सोडायचे. ज्या थोरियमच्या घरातून १९३४ मध्ये दगड आला, तेच आता कैरी झालं! कानही बदलला. आता द्रव नायट्रोजनने गार ठेवलेला जर्मेनियमचा स्फटिक तुकड्यांतून निघणारे किरण मोजतो आणि कोणता तुकडा किती, ते कळतं.

थोरियम आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूत भरपूर आहे. उद्या त्यावर वीज करायची तर हे तुकडे ओळखीचे हवेत.

मला मात्र यंत्रांपेक्षा चॅडविक जास्त आवडले. एवढं नाव झालेल्या माणसाने परक्या देशातून आलेल्या पोराची सूचना मनावर घेतली. नव्या मास्तर मंडळींनो, वर्गात मागच्या बाकावरचा हात वर झाला, तर आधी ऐकून घ्या.