गोळ्या योग्य, वेळ चुकीची

बोरिवली, मुलुंडहून सकाळची लोकल गाठणाऱ्यांच्या घरी औषधांची वेळ बहुधा एकच असते, पहिल्या चहाची. थायरॉईडची, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच घेतली जाते. तिन्ही आवश्यक असल्या, तरी त्या एकत्र घेणे योग्य नव्हे.

थायरॉईडच्या कमतरतेवरील लेव्होथायरॉक्सिन हे औषध रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाचे असते. लोह किंवा कॅल्शियम सोबत असल्यास ते या औषधाला बांधून ठेवते व त्याचे शोषण घटते. परिणामी रक्ततपासणीत टीएसएच वाढलेले आढळते आणि इतर गोळ्यांची चौकशी न झाल्यास औषधाची मात्रा वाढविली जाते. दोहोंत किमान ४ तासांचे अंतर हवे. मात्र मात्रा आधीच वाढविली गेली असेल, तर वेळ बदलल्यावर तीच मात्रा जास्त ठरू शकते. म्हणून बदल डॉक्टरांना कळवून ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावे. कॅल्शियम लोहाचेही शोषण रोखते. त्यामुळे गर्भवतींनी या दोन गोळ्या वेगवेगळ्या वेळी घ्याव्यात. चहा तर लोहाचा जुनाच वैरी!

पावसाळ्यात आणखी एक औषध घरात येते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ उद्भवली होती. तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागलेल्यांना प्रतिबंधासाठी डॉक्टर अनेकदा डॉक्सिसायक्लिन देतात. लोह, कॅल्शियम, जस्त, तसेच मॅग्नेशियमयुक्त आम्लपित्ताची औषधे त्याचा प्रभाव कमी करतात. तेवढ्या दिवसांपुरते लोह थांबवावे काय, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक खनिजांच्या गोळीपूर्वी २ तास अथवा नंतर ६ तासांनी घ्यावे.

पोटॅशियमची गोष्ट निराळी. तेथे वेळेचे अंतर कामास येत नाही. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन वा रॅमिप्रिल, अथवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांच्या शरीरात पोटॅशियम मुळातच साठू शकते. मूत्रपिंड दुबळे असल्यास धोका अधिक. त्यात पोटॅशियमची पूरके घेतल्यास हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतू शकते. बाजारातील ‘लो सोडियम’ मिठातही बहुधा पोटॅशियम क्लोराईड असते. अशा रुग्णांनी ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

डॉक्टरांना औषधांची यादी दाखविताना भस्मेही सांगावीत. मंडूर भस्म हे लोहच आहे आणि शंख भस्म कॅल्शियम.